नागासाकीचे संग्रहालय आणि 'बंद' जपानची संकल्पना

तोकुगावाकालीन जपान जगाला 'बंद' होता, असे आपण वर्गात शिकवतो. नागासाकी इतिहास व संस्कृती संग्रहालय पाहिल्यावर हे विधान अपुरे वाटते. २००५ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय शोगुनच्या नगराधिकाऱ्याच्या कचेरीच्या जागेवर उभे असून कचेरीचा काही भाग तेथे पुन्हा उभारलेला आहे. १५७१ पासून या बंदरात पोर्तुगीज जहाजे येत. १५८२ मध्ये येथूनच चार ख्रिस्ती जपानी कुमार गोव्यामार्गे युरोपला गेले. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना मज्जाव झाला आणि १६४१ मध्ये डच व्यापारी देजिमा बेटावर आणले गेले. चिनी व्यापारही चालू राहिला. परकीय व्यापाराचे नियमन व ख्रिस्ती लोकांचा शोध ही दोन्ही कामे याच कचेरीकडे होती. म्हणून 'बंद' ऐवजी 'नियंत्रित संपर्क' ही संज्ञा अध्यापनात अधिक सयुक्तिक ठरते.