बाई आली, बाई आल्या

मंडळी, देवगडच्या बाजारात सकाळी घटकाभर उभे राहा. 'बाई' हा एकच शब्द किती तऱ्हांनी कानांवर येतो पाहा. मासळीच्या पाटीसमोर गिऱ्हाईक विचारते, "ओ बाई, बांगडे कसे दिले?" शाळेच्या वाटेवर पोरे कुजबुजतात, "बाई आल्या!" एखाद्या घरातून आवाज येतो, "आज भांड्यांना बाई आली नाही." आणि कोपऱ्यावरची आजी नातीला हाक मारते, "ये गो बाय!"

शब्द एक, आणि अर्थ चार. हे झाले कसे?

जुन्या काळी 'बाई' हे मानाचे पद होते. शिवरायांच्या मातोश्री जिजाबाई. १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणाऱ्या ताराबाई. १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचा कारभार सांभाळणाऱ्या अहिल्याबाई. हे पद राजघराण्यांचेच होते म्हणावे, तर नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी संत जनाबाईही बाईच! म्हणजे राणी आणि दासी यांना मराठीने एकच पद दिले होते.

१८४८ साली सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. पुढे गावोगावी शिक्षिका आल्या आणि नाव न घेता नुसते 'बाई' म्हटले, की शाळेतल्या बाई असा अर्थ रूढ झाला.

गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांनाही 'बाई' जोडलेले असे. पण तेथे ते ऐकून काहींच्या भुवया चढत. उत्तरेकडच्या अख्तरीबाई फैजाबादी पुढे 'बेगम अख्तर' झाल्या. आपल्या शेजारच्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर मात्र शेवटपर्यंत केसरबाईच राहिल्या. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर त्यांचा आवाज अंतराळात गेला. नावातल्या 'बाई'ने त्यांचे काय अडले?

तेव्हा दोष शब्दाचा नव्हे. नीट ऐकाल तर ध्यानात येईल, की मान 'बाई'त नसून तिच्या पाठीमागून येणाऱ्या क्रियापदात आहे. शिकवणाऱ्या बाई 'आल्या', आणि भांडी घासणारी बाई 'आली'. आजीच्या 'ये गो बाय' मध्येही एकवचनच आहे, पण ते मायेचे. कामवालीचे एकवचन मात्र पायरी दाखवणारे. मुलांना हा भेद कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. ती आपल्या तोंडून तो उचलतात.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक सांगणे आहे. शाळेत दुपारची खिचडी शिजवायला ज्या येतात, त्यांच्याविषयी वर्गात बोलताना 'बाई आल्या' असेच म्हणा. शक्य तर त्यांचे नाव घेऊन म्हणा. यात खर्च काही नाही. जनाबाईला आणि अहिल्याबाईला एका पंगतीत बसवणाऱ्या भाषेला हे मुळीच जड नाही. जड जाते ते आपल्या जिभेला.