साबणाच्या वडीमागचं भांडण

गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचा आणि व्याजाचा हिशोब करतो. आज एक वेगळा हिशोब मांडायचा आहे. एखाद्या परदेशी कंपनीचं आणि तिच्या कामगारांचं भांडण लागलं, तर कोण चुकलं हे बाहेरच्या माणसांनी ठरवावं का? आणि ठरवायचं तर कशावरून? बाहेरची माणसं म्हणजे कोण, तर आपणच. साबण विकत घेणाऱ्या, आणि ज्यांची मुलं कारखान्यात कामाला जातात त्या.

सातारा आणि सांगलीच्या गावांना हा प्रश्न नवा नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. लालबाग, परळच्या चाळींत दाटीवाटीने राहिली, खानावळीत जेवली आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवत राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारो जण गावी परतले आणि घरच्या जोंधळ्यावर दिवस काढले. त्या संपाचा भार गावाकडच्या बायकांनी उचलला. पण संप बरोबर की चूक, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या गिरण्यांचे मालक इथलेच होते. गिरणगावाला लागूनच, शिवडीला, एक कारखाना होता त्याची मालकी मात्र थेट विलायतेत होती. तो लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना. या कंपनीचा सनलाइट साबण १८८८ साली इंग्लंडहून बोटीने कलकत्त्याला आला. १९३३ साली कंपनीने इथे आपली शाखा काढली आणि १९३४ पासून शिवडीत साबण बनू लागला. १९५६ साली तिचं नाव हिंदुस्थान लिव्हर झालं. नाव हिंदुस्थानचं, पण बहुतेक भाग परदेशातल्या युनिलिव्हरकडे. लाइफबॉय, लक्स, सर्फ ही नावं आपल्या घरात पोचली ती याच कंपनीची.

शिवडीच्या कामगारांची स्वतःची संघटना होती. कोणत्याही राजकीय पक्षाला बांधलेली नाही, आणि चालवणारे कारखान्यातलेच लोक. १९८८ साली कंपनीने तिथे टाळेबंदी केली. संपात कामगार काम थांबवतो. टाळेबंदीत मालक फाटकाला कुलूप लावतो. पगार मात्र दोन्हीकडे कामगाराचाच थांबतो. ही टाळेबंदी वर्षभराच्या आसपास चालली.

त्या काळात कामगारांनी एक काम केलं, ते आपल्यासारख्या गटांना चटकन समजेल. साबण आणि पावडर बनवण्याचं ज्ञान त्यांच्या हातात होतंच. त्यांनी स्वतःच धुण्याची पावडर तयार केली आणि विकायला आणली. तिचं नाव ठेवलं 'लॉक-आउट', म्हणजे टाळेबंदी. पुडा हातात घेणाऱ्या बाईला नाव वाचूनच कळावं की कारखान्याला कुलूप आहे. पुडा घ्यायचा की नाही हे ठरवताना ती बाई त्या भांडणावर आपलं मतही देत होती.

आता दुसरी बाजूही ऐकू. निवाडा करायचा तर दोन्ही बाजू ऐकाव्यात, हे आपण गटात पाळतो. त्या वर्षांत निरमा पावडरने बाजार काबीज केला होता. स्वस्तातल्या पावडरीपुढे महागडा सर्फ मागे पडत होता, म्हणून कंपनीने व्हील आणलं. मुंबईत जागा महाग, पगार जास्त. बाहेर, मागास भागात कारखाना काढला तर सरकारी सवलतीही मिळत. विदर्भात खामगावला कंपनीचा कारखाना होताच. मग खामगावच्या बाईने काय म्हणावं? तिच्या गावाला काम मिळालं, ते मुंबईच्या कामगाराला पटणार नाही. गावाकडे तेव्हा एक बोलणं सर्रास असायचं, आजही असतं: "पगार बरा आहे, नोकरी पक्की आहे, तरी यांना भांडायची हौस." हे बोलणं सोपं आहे, कारण आपल्या शेतमजुरीशी तुलना केली की कारखान्याचा कामगार सुखी दिसतो. पण त्याचा पगार तसा का झाला, हे आपण विचारत नाही. तो संघटनेने वर्षानुवर्षं बोलणी करून मिळवलेला असतो.

शिवडीचा कारखाना २००६ साली बंद झाला. त्याआधी कंपनीने तो बॉन नावाच्या आपल्याच एका लहान कंपनीच्या नावावर केला होता. संघटनेचं म्हणणं असं, की हा बदल फक्त कागदावरचा होता, आणि कामगारांचे हक्क टाळून कारखाना बंद करण्यासाठी तो केला. कंपनीला ते मान्य नव्हतं. इथे गोष्ट मुंबईबाहेर गेली. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना. परदेशात धंदा करणाऱ्या कंपन्यांनी कसं वागावं, याची तिने १९७६ साली नियमावली केली. ती पाळली नाही तर कंपनीच्या मूळ देशातल्या सरकारी कार्यालयात तक्रार करता येते. अन्न आणि संबंधित उद्योगांतल्या कामगार संघटनांचा एक जागतिक महासंघ जिनिव्हाला आहे. त्याने शिवडीची तक्रार ब्रिटनच्या कार्यालयात २००६ सालीच नेली.

या कार्यालयाला दंड करण्याचा अधिकार नाही. कारखाना उघडा, असा हुकूम ते देऊ शकत नाही. शिवडीचा कारखाना काही पुन्हा उघडला नाही. मग अशा तक्रारीचा उपयोग काय?

उत्तर पुढच्या दोन गोष्टींत आहे. आसाममधल्या डूमडूमा इथल्या याच कंपनीच्या कारखान्यात २००७ साली टाळेबंदी झाली. जुनी संघटना सोडून नव्या संघटनेत या, असा दबाव कामगारांवर आणला, अशी तक्रार त्याच कार्यालयात गेली. कंपनीने आरोप नाकारले. पण दोन्ही बाजू बोलायला बसल्या आणि २०१० साली तडजोड झाली. दुसरी गोष्ट पाकिस्तानातल्या खानेवालची. तिथे युनिलिव्हरच्या चहाच्या कारखान्यात कायम कामगार होते २२ आणि कंत्राटी ७२३. हा आकडा चहा पिणाऱ्या परदेशी लोकांपर्यंत पोचवला गेला. २००९ साली समझोता झाला आणि २०० जणांना कायम नोकरी देण्याचं कंपनीने कबूल केलं.

म्हणजे बाहेरच्या माणसाच्या मताला वजन असतं, पण एका अटीवर. त्याच्या हातात नेमकी माहिती हवी. 'कंपनी वाईट' किंवा 'कामगार आळशी' असं नुसतं म्हटल्याने खानेवालमध्ये कुणी कायम झालं नसतं. २२ आणि ७२३ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तेव्हा लोकांना चित्र दिसलं.

आपल्याला हे कशासाठी हवं? एक तर या कंपन्या आता आपल्या दारात आहेत. हिंदुस्थान लिव्हरने २००१ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांमार्फत साबण, शाम्पूची विक्री सुरू केली आणि पुढे ती पद्धत अनेक राज्यांत नेली. आपण नुसत्या गिऱ्हाईक राहिलो नाही. दुसरं म्हणजे, आपली मुलंमुली आता मुंबईला न जाता शिरवळ, सातारा, कुपवाड, पलूसच्या एमआयडीसीत जातात. कंपनीचं नाव मोठं असतं, पण मुलाला कामावर ठेवणारा पुष्कळदा ठेकेदार असतो. उद्या तिथे भांडण झालं, तर गावात मत द्यायला सगळे पुढे येतील.

तेव्हा मत देण्याआधी आपण चार गोष्टी विचारू. कायम किती आणि कंत्राटी किती? संघटना कामगारांनी निवडली की मालकाने बसवली? महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा वेगळा कायदा आहे, आणि मालकाने आपल्या मर्जीची संघटना उभी करणं त्यात अनुचित धरलं आहे. काम कुणी थांबवलं, कामगाराने की फाटकावरच्या कुलुपाने? आणि चौथं, त्या महिन्यात कुणाच्या घरी पगार आला नाही?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एवढंच करावं. घरातलं जे कुणी कारखान्यात जातं, त्याचा नेमणुकीचा कागद बघावा. पगाराच्या पावतीवर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे वाचून यावं. कागद नसेल, तर नाही म्हणून सांगावं. गटाच्या वहीत आपण दोन रकाने पाडू, कायम आणि कंत्राटी. आपल्या गावाचे आकडे काय निघतात, ते आधी बघू.