ऐकून घेतलं, पुढे काय?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा सगळीकडे एकच वाद रंगला होता: या कोरड्या भागात ऊस नि साखर कारखाने हवेत कशाला? माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. कारखाना उभा राहताना गावाला कुणी विचारतं का? म्हणून विकांताला नियम वाचायला बसलो.

तर मंडळी, प्रकल्प मोठा असेल तर विचारतात! पर्यावरण परवानगीची अधिसूचना १९९४ ची, त्यात जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये. २००६ च्या नव्या अधिसूचनेत तर सगळं बारकाईने लिहिलंय. तीस दिवस आधी नोटीस, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, व्हिडिओ शूटिंग, शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. कोरमची अट मात्र नाही.

खरी गोम पुढे आहे. आक्षेपांना उत्तर कोण देणार? ज्याचा प्रकल्प, तोच! तज्ज्ञ समिती ते सगळं पाहून शिफारस करते, पण अख्खं गाव 'नको' म्हणालं म्हणून परवानगी अडत नाही. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, लॉग व्यवस्थित लिहिला जातो, पण त्यावर एकही 'इफ' कंडिशन नाही.

मग कोर्टात गेलं तर? गोव्यातल्या मोपा विमानतळाची सुनावणी २०१५ ची. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि लोकांचं म्हणणं ऐकणं हा नुसता उपचार नव्हे, असंही बजावलं. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आज तिथे विमानं उतरतात.

आणि उसाचं काय? २०२१ मध्ये केंद्राने, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी जुने परवानगीधारक साखर कारखाने, डिस्टिलऱ्या वाढवायचे प्रस्ताव 'ब-२' गटात टाकले. या गटाला जनसुनावणी लागतच नाही. ज्या सुनावणीवर काहीच अवलंबून नसतं, ती काढून टाकली तरी फारसा गाजावाजा होत नाही. मला वाटतं, खरी कमजोरी ही आहे.

गावाला नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाहीये. पण आक्षेप फेटाळायचा तर परवानगी देणाऱ्यानेच एकेका आक्षेपाचं कारण लेखी द्यावं, एवढं तरी? नाहीतर पुन्हा कधी पाण्याची गाडी आली की आपण विचारणार, "आधी कुणीच कसं बोललं नाही?" बोललेले असतात हो. इतिवृत्त काढून बघा.