तबकडीचा निळा आणि नीलकंठाचा निळा

गोंदियाच्या बाजारात भर दुपारी उन्हात धरून पारखलेले भारी घड्याळ संध्याकाळी सरांच्या निरोपसमारंभात उघडले, तेव्हा त्याची निळी तबकडी जवळजवळ काळी दिसत होती. वर्गणी गोळा करणाऱ्या शिक्षकाबद्दल कुजबुज सुरू झाली. घड्याळ बदलले की काय? दुसऱ्या दिवशी अंगणात तबकडी पुन्हा निळी झाली आणि कुजबुज थांबली. माफी मात्र कोणी मागितली नाही.

झाले होते एवढेच, की सभागृहात पिवळे बल्ब होते आणि त्यांच्या उजेडात निळा भाग फारच थोडा असतो. जे आलेच नाही ते तबकडी परत कसे पाठवणार? शिवाय अशा तबकडीच्या पत्र्यावर मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या बारीक रेषा घासलेल्या असतात व त्यांवर पारदर्शक रंगाचा थर असतो. प्रत्येक रेघ ठरावीक दिशांनाच उजेड फेकते, म्हणून मनगट वळवले की उजळ पट्टा तबकडीभर फिरतो.

काट्यांचा निळा कधीकधी वेगळ्याच जातीचा असतो. पोलादी काटे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निळे करण्याची घड्याळजींची रीत जुनी आहे. त्यांना रंग लावलेलाच नसतो. तापल्यावर पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात, काही तरंगलांब्या क्षीण होतात, आणि डोळ्याला निळा दिसतो. कारागिराला यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. काटा आचेवरून कधी उचलायचा, हे त्याचा डोळा जाणत होता.

कारणाचा शोध लागला तो पिसांच्या वाटेने. रॉबर्ट हुकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया'त मोरपिसाचे सूक्ष्मदर्शकातील रूप वर्णिले आणि पीस पाण्याने भिजवले की त्याचे रंग नाहीसे होतात असे नोंदवले. साध्या रंगद्रव्याचे असे होत नाही. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये हे रंग पातळ पारदर्शक भागांमुळे येतात असे मानले, पण त्याचे पटण्याजोगे कारण १८०१ मध्ये थॉमस यंगने मांडलेल्या व्यतिकरणाच्या कल्पनेतून मिळाले.

नवेगावबांधकडे जाताना तारेवर बसलेला नीलकंठ, म्हणजे चास, आपण पाहतोच. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. बसलेला असताना तो बराचसा मातकट वाटतो, पण पंख उघडले की निळ्याचे पट्टे झळकतात. १९१० साली सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत नागपूरला बदलून आलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पुढे याच पक्ष्याची पिसे अभ्यासाला घेतली. १९३४ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'च्या पहिल्या खंडात त्यांनी पक्ष्यांच्या पिसांतील रंगांच्या उगमावर लेख लिहिला. (नोबेल मिळवलेल्या माणसाने नव्या नियतकालिकासाठी पिसे हाती घ्यावीत, हे मला फार आवडते!) अशा निळ्याची सांगड तेव्हा आकाशाच्या निळ्याशी, म्हणजे सूक्ष्म कणांकडून होणाऱ्या विकिरणाशी, घातली जाई. ती अपुरी आहे हे पुढे स्पष्ट झाले. रिचर्ड प्रम व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कोटिंगा या अमेरिकी पक्ष्याच्या निळ्या पिसातील केराटिनच्या जाळीत एक प्रकारची नियमितता असल्याचे दाखवले. त्या नियमिततेमुळे विखुरलेले तरंग व्यतिकरणाने निळा बळकट करतात.

वर्गात हे दाखवायला गळून पडलेले एक मोरपीस पुरे. नीलकंठ संरक्षित पक्षी आहे, त्याच्या पिसामागे लागू नये. खिडकीकडे पाठ करून मोरपीस पाहावे, मग तेच खिडकीपुढे धरून त्यातून येणाऱ्या उजेडात पाहावे. निळा-हिरवा जाऊन तपकिरी दिसतो. आमच्या त्या शिक्षकाने पुढच्या आठवड्यात हा प्रयोग शिक्षकांच्या खोलीतच करून दाखवला. शेवटी त्याने सरांकडून मागून आणलेले घड्याळ टेबलावर ठेवले आणि खिडक्या लावून पिवळा बल्ब पेटवला.