चांदीचा रुपया : छाप आणि फेरबदल

चांदीचा रुपया हे ब्रिटिश अमदानीतील भारताचे प्रमुख नाणे. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा (11.66 ग्रॅम), आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. 1835 ते 1939 या काळात हे वजन आणि कस कायम राहिले. छाप मात्र राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेला आणि एकदा तर लोकांच्या नाराजीमुळे तो तातडीने दुरुस्त करावा लागला. मराठी बोलीत या नाण्याला राणीछाप, राजाछाप, कलदार किंवा बंदा रुपया म्हणतात.

पार्श्वभूमी : पुण्याच्या मुलखात पेशवाईत अंकुशी रुपया चाले. पुणे, चिंचवड येथील टांकसाळींत तो पडे. त्यावर मोगल बादशहाचे नाव फारसीत असे. ओळख मात्र अंकुशाच्या खुणेवरून पटे. हाताने ठोकलेल्या या नाण्यांवर छाप अर्धामुर्धाच उमटे. टांकसाळी अनेक, कसही कमीजास्त, त्यामुळे सराफ पारख करून बट्टा कापत. कंपनी सरकारने 1835 च्या कायद्याने सर्व मुलखासाठी एकच यंत्रावर पाडलेला रुपया ठरवला. त्याच्या दर्शनी बाजूला चौथ्या विल्यमचे मस्तक होते.

राणीछाप व एडवर्डछाप : 1840 मध्ये व्हिक्टोरियाचे मस्तक आले. 1862 मध्ये कंपनीचे नाव जाऊन मुकुटधारी राणी आली आणि 1877 पासून ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ हा किताब छापला जाऊ लागला. 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसेच ठेवले गेले. मुंबई टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून बारीक टिंबे दिली. संग्राहक आजही भिंगाखाली ती मोजतात. 1893 पर्यंत कोणालाही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. त्या वर्षी ही मुभा बंद झाली आणि रुपयाची किंमत त्यातील चांदीपासून सुटली. 1903 पासूनच्या रुपयावर सातव्या एडवर्डचे मस्तक मुकुटाविना आहे.

1911 चा ‘पिग रुपया’ : पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजा मुकुट व राजवस्त्रांत दाखवला आहे. गळ्यात ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाची माळ असून तिच्यात हत्ती आहे. छातीवरच्या जेमतेम तांदळाएवढ्या जागेत कोरलेल्या या हत्तीची सोंड आखूड राहिली आणि तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान समाजात विशेष संताप उसळला. मुंबई व कलकत्ता टांकसाळींत मिळून सुमारे 94 लाख रुपये पडले होते. त्यांपैकी सुमारे 7 लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले गेले. 1912 च्या रुपयावर सोंड लांब व सुस्पष्ट केली. राजाची मुद्रा, अक्षरे व मागील वेलपत्ती जवळपास तशीच ठेवली. मुंबईचे नाणे मागील बाजूस तळाच्या कमळाखालच्या टिंबावरून ओळखता येते.

अखेर : 1940 मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. खोटी नाणी रोखण्यासाठी कडेवर खास सुरक्षाखाच देण्यात आली. 1947 मध्ये निकेलचा, वाघाचे चित्र असलेला रुपया आला आणि चलनातील चांदीचा रुपया संपला.

सद्यःस्थिती : लक्ष्मीपूजनाला आणि आहेराला जुना रुपया आजही वापरतात, सराफ तो चांदीच्या भावाने घेतात, दुर्मीळ सालाला मात्र संग्राहक जादा पैसे मोजतात. राणीच्या छापाची नवी, हलक्या कसाची नाणीही बाजारात मिळतात. त्यामुळे खरेदी करताना वजन आणि कस तपासणे आवश्यक असते. अलीकडे रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त 1 एप्रिल 2024 रोजी मुंबईत शुद्ध चांदीचे 90 रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. पण ते स्मारक नाणे आहे, नित्य खरेदीचे नव्हे.

छाप बदलण्याचा प्रश्न इतर देशांतही येतो. 1986 पासून निघणाऱ्या अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’ या एक औंसाच्या नाण्यावर 2021 मध्ये मागील बाजूचा गरुड बदलला आणि कडेच्या खाचांत मुद्दाम एक खंड ठेवला. दर्शनी बाजूची चालणारी स्वातंत्र्यदेवता, म्हणजे अ‍ॅडॉल्फ वाइनमन यांची 1916 ची आकृती, मात्र कायम राहिली. रुपयाच्या इतिहासातूनही हाच निकष निघतो : नव्या छापात नाण्याची ओळख टिकावी, बारीक चित्र लहान आकारातही स्पष्ट उमटावे, आणि वजन, कस व टांकसाळीची खूण नाण्यावरच वाचता यावी.