डीबी-१, डीबी-२ आणि एक चुकलेली खिडकी

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी सेवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिचा डेटाबेस दोन सर्व्हरवर होता. डीबी-१ मुख्य, डीबी-२ त्याची राखीव जुळी प्रत. एक पडला तर दुसरा उभा राहील, अशी योजना. पुढच्या वेळा यूटीसीमध्ये आहेत. भारतीय घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

१७:२० : एका इंजिनिअरला चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे स्टेजिंगवर, थोडं काम करायचं आहे आणि त्यासाठी ताजा डेटा हवा आहे. रोजची प्रत रात्री एक वाजता आपोआप येते. तेवढं थांबण्याऐवजी तो मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट हातानं काढतो आणि स्टेजिंगवर चढवतो. बॅकअप हा त्याचा हेतू नाही.

१९:०० : डेटाबेसवरचा ताण वाढतो. संशय स्पॅमवर. त्यात भर म्हणजे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं कुणीतरी खोडसाळपणे ‘गैरवापर’ म्हणून कळवलेलं, ते चुकून डिलीटला लागलेलं, आणि त्याचा सगळा डेटा पुसायचं काम मागे चालू.

२२:०० : डीबी-२ मागे पडल्याचा अलर्ट येतो. लॅग सुमारे ४ जीबी.

२३:०० : डीबी-२ आता नुसता मागे नाही, त्याची वाटच तुटली आहे. गिटलॅबचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस, प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या लॉग फायलींत लिहितो आणि राखीव सर्व्हर त्याच फायली वाचून मुख्याच्या बरोबरीनं चालतो. डिस्क भरू नये म्हणून मुख्य सर्व्हर जुन्या फायली काढून टाकतो. त्या आधी दुसरीकडे जमा करून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. इथे ती चालू नव्हती. डीबी-२ ला हव्या असलेल्या फायली डीबी-१ नं केव्हाच उडवल्या होत्या. माझ्या मते घात इथेच झाला, अर्ध्या तासानंतरच्या त्या कुप्रसिद्ध कमांडनं नव्हे. त्या फायली कुठे आणि किती वेळ ठेवायच्या हे आधी ठरलं असतं, तर रात्री अकराला कुणाला डेटा डिरेक्टरीला हात लावावा लागला नसता.

आता एकच मार्ग: डीबी-२ ची डिरेक्टरी रिकामी करून सगळा डेटा नव्यानं ओढायचा. त्यासाठीचं पीजी बेसबॅकअप कुरकुरतं, रेप्लिकेशनची कनेक्शनं कमी पडतात. ती वाढवली तर पोस्टग्रेस रीस्टार्ट व्हायला नकार देतो, कारण कमाल कनेक्शनं ८००० ठेवलेली. ती २००० वर आणल्यावर तो उठतो. मग बेसबॅकअप चालू होतं आणि गप्प बसतं. एरर नाही, प्रगती नाही. खरं तर ते मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू व्हायची वाट बघत असतं, पण हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

२३:३०च्या सुमारास : इंजिनिअरला वाटतं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांच्या फायली आड येत असाव्यात. तो डिरेक्टरी उडवायची कमांड देतो. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं की टर्मिनलची ही खिडकी डीबी-१ ची आहे. तो कमांड तोडतो. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलेले असतात.

मध्यरात्र : बॅकअपची शोधाशोध. रोजचा पीजी डंप अॅमेझॉनच्या एसथ्री या साठवण सेवेवर जायला हवा, पण तिथे काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन थांबत होतं. त्या एररच्या ईमेलही निघत होत्या; त्यांना डीमार्क ही ईमेल-पडताळणी लागू केलेली नसल्यानं समोरचा मेल सर्व्हर त्या परत लावत होता. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट? फाइल सर्व्हरांना होते, डेटाबेसला नव्हते. डीबी-२? तो तर आपणच रिकामा केलेला.

उरला १७:२० चा तो स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी : हिंजवडीतली मंडळी ऑफिसला निघाली तेव्हा साइट बंद होती. स्टेजिंगच्या स्वस्तातल्या डिस्क सेकंदाला ६० मेगाबिटांच्या आसपासच सोडत होत्या, त्यामुळे प्रत परत आणण्यातच दिवस गेला. कंपनीनं दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, आपल्या नोंदींचा दस्तऐवजही सर्वांसाठी खुला केला. हे धाडस फार थोड्या कंपन्या करतील.

१८:०० : साइट पूर्ववत. संध्याकाळच्या सहा-साडेसहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० कमेंट आणि ७०० नवी खाती डेटाबेसमधून कायमची गेली. कोडच्या रेपॉझिटरी वेगळ्या फाइल सर्व्हरांवर असल्यानं त्यांना धक्का लागला नाही. आणि हरवलेल्या नोंदींचे क्रमांक चुकून पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक क्रमांक-मालिका १,००,००० नं पुढे ढकलली गेली.