हलक्या पुस्तकांचे वजन

गेल्या हिवाळ्यात आम्ही वीसेक पुस्तके वाचली. त्यांतील निम्मी पुन्हा एकदा वाचली असे म्हणणे अधिक खरे. रहस्यकथा होत्या, मुलांच्या साहसकथा होत्या, कॉलेजातल्या पोरांची एक जाडजूड कादंबरीही होती. विद्वानांच्या भाषेत हे सारे 'हलके' वाङ्मय. आमचे आयुष्य वाशीम-कारंजा भागातील हमाल, मापाडी आणि जिनिंगमधील कामगार यांच्या संघटनेत गेले. तेव्हा हलके कशाला म्हणावयाचे आणि जड कशाला, याविषयी आमची काही मते आहेत. पदवी आमच्यापाशी नाही. वाचनाने जेवढा अधिकार मिळतो तेवढ्यावरच येथे बोलत आहोत.

मराठी कादंबरी आधी गंभीर होती आणि पुढे लोकांनी ती खाली आणली, असे बोलले जाते. इतिहास तसे सांगत नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. विधवांच्या दुःखाची ती कहाणी. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढे बरीच वर्षे लेखकांनी कित्ता गिरविला तो मुक्तामालेचा. विरह, कपट, संकटे आणि अखेर सुटका हे लोकांना हवे होते. हरिभाऊ आपट्यांनी ही भूक नीट ओळखली. १८९० साली काढलेल्या पत्राला त्यांनी 'करमणूक' असे सरळ नाव दिले आणि त्याच करमणुकीच्या पानांतून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. बालविधवेचे दुःख घरोघर पोचले ते करमणुकीच्या गाडीत बसून. आमच्या प्रचारकांनी यातून काही घ्यावे असे आम्हाला फार वाटते. कारण आमची पत्रके कोणी शेवटपर्यंत वाचीत नाही.

पुढे दातारशास्त्री आले, नाथमाधव आले. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे झालेल्या या गृहस्थाने अंथरुणावरून घोडदौडीच्या कादंबऱ्या लिहिल्या. परंतु ज्यांच्यामुळे गिरणीकामगार, हमाल, हॉटेलातला पोऱ्या आणि पोलीस शिपाई वाचू लागला, ते बाबूराव अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. लोकांना दिसावे म्हणून चष्मे विकावयाचे आणि वाचावे म्हणून गोष्टी लिहावयाच्या, असा दुहेरी धंदा! हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. लहान आकार, थोडी पाने, खिशाला परवडणारी किंमत. गुंडाळून खिशात कोंबावे आणि माल उतरविण्याच्या दोन खेपांमधल्या वेळात काढावे असे ते पुस्तक. त्यांतली वाक्ये आखूड असतात. नुकतीच अक्षरओळख झालेल्या माणसाला वाक्याच्या अखेरीस पोचेपर्यंत आरंभ विसरण्याची भीती असते; अर्नाळकरांच्या वाक्यात ती नसते. हे कसब आहे, आणि समीक्षकांच्या पुस्तकांत आम्हाला ते क्वचितच आढळते.

या वयात झुंजार आणि काळा पहाड पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट खटकली. तेथे दुष्टांना शासन होते, पण ते कोणी एकटा वीर करतो. नोकर दार उघडतो, निरोप देतो, फार झाले तर मार खातो. चार नोकरांनी एकत्र येऊन मालकाला जाब विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. काळा पहाड संपावर जात नाही, हे उघडच आहे! तरी अन्याय करणारा शेवटी सापडतो, एवढे या पुस्तकांनी मनात पक्के केले, आणि दिवसभर पाठीवर पोते वाहणाऱ्याला तेवढ्याचाही आधार असतो.

तीच उणीव दुसऱ्या एकाने भरून काढली. अण्णाभाऊ साठे शाळेत दीडच दिवस गेले असे सांगतात. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. त्यांतही पाठलाग आहे, दरोडा आहे, श्वास रोखून धरावा असे प्रसंग आहेत. फरक एवढाच की धावणारा गावकुसाबाहेरचा आहे आणि तो उपाशी माणसांसाठी धावतो. अण्णाभाऊंनाही पुष्कळ दिवस 'लोकप्रिय' म्हणून बाजूला ठेवण्यात आले. रहस्यकथा वाचणाऱ्या हाती 'फकिरा' द्यावा; तो खाली ठेवीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मुलांचे वाङ्मय हा निराळा प्रवाह. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ चे. त्यात उपदेश पुष्कळ. मद्रासेहून निघणारा 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत आला, आणि विक्रम-वेताळाने बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडवर पोरांना खिळवून ठेवले. तो आता बंद झाला. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' १९७१ पासून निघते, ते शाळेच्या वाटेने खेड्यात शिरले. पण पोरांना खरे पळविले ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने. बनेश फेणे फुरसुंगीचा. खेड्यातून पुण्याच्या शाळेत आलेला, हाडकुळा, सायकलवर स्वार. उपदेश करावयास त्याला सवडच नसते. आमच्या पोरांनी पुण्याचे बोळ त्याच्या सायकलीमागून पाहिले. वऱ्हाडातल्या कापसाच्या गाड्यांमधून तो धावला असता तर आम्हाला अधिक आवडले असते, ही तक्रार राहतेच. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, २०१७ साली चित्रपटात. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'ही २०१३ च्या चित्रपटामुळे नव्याने वाचली गेली. तीत पोरांच्या मैत्रीचे जे वर्णन आहे ते खरे आहे. पोरींच्या वाट्याला मात्र लेखकाचे लक्ष कमी आले, असे आमचे मत झाले.

आता ही पुस्तके मिळत कोठे, हे पाहिले पाहिजे. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने आमच्या लहानपणी होती, आता ती गेली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ साली झाला, अनुदान आले, इमारती उठल्या. परंतु एका ग्रंथालयाच्या समितीत रहस्यकथांचा विषय निघाला तेव्हा 'असले साहित्य नको' असे ठरले. त्याच कपाटात एकाही वाचकाने न उघडलेले ग्रंथ ओळीने उभे होते. आमच्या संघटनेत एक हमाल होता. चौथीतून शाळा सुटलेली. फाटक्या रहस्यकथा वाचून त्याची जीभ अक्षरांवर मोकळी झाली. पुढे १९६९ चा माथाडी कामगारांचा कायदा आम्ही त्याच्या हाती दिला. त्याने महिनाभर तो वाचला आणि हजेरीपटावर अंगठा उठविण्याऐवजी आधी आकडे तपासावयास मागितले. आमच्या व्याख्यानांनी हे दहा वर्षांत साधले नव्हते.

नव्या पुस्तकांत संगीता बर्वे यांची 'पियूची वही' मुलीच्या रोजनिशीच्या रूपाने लिहिलेली. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' भुताचे नाव घेऊन पोराला जवळ बोलावणारी. सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या कादंबरीला २०१९ चा साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मुल्ला वनखात्यात नोकरी करणारे. जंगल त्यांना पुस्तकातून नव्हे, पायांनी ठाऊक. हे तिसरे पुस्तक आम्ही युनियनच्या कचेरीत टेबलावर ठेवले होते. एका मापाड्याची मुलगी बापाचा डबा घेऊन आली आणि ते घेऊन गेली. अद्याप परत आलेले नाही. तिच्या वर्गात फिरत आहे असे कळते.